तांबूस ठिपक्यांची वाळू

मी भित्री बाई नव्हे. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं ऐकून कुणीतरी म्हणायचं, ही मुळातच घाबरट. घाटावर माण तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर मी अंधारात एकटी रानात गेलेली आहे, विंचू चपलेनं मारलेला आहे. पण वाळूची भीती मला इथं घणसोलीत लागली आणि ती अजून काही गेलेली नाही.

आम्ही राहतो ती खोली चांगुणाबाईंची. गावातली जुनी आगरी म्हातारी. मधोमध अंगण, अंगणाभोवती भाड्याच्या खोल्या, आणि अंगणाच्या कोपऱ्यात सगळ्यांचा मिळून एक संडास. त्या संडासाची टाकी दर उधाणाला तुंबून वर यायची. उधाण म्हणजे अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती, हे आम्हा घाटावरच्यांना इथं येऊन कळलं. समुद्र कुठं दिसत नाही, खाडी त्या इमारतींच्या मागं राहिली, पण तिचं पाणी जमिनीखालनं बरोबर अंगणात येतं.

कार्तिक निम्मा झाला तेव्हा चांगुणाबाईंचा लेक अंकुश आमच्या दारात आला. त्याच्या पोरीचा साखरपुडा ठरला होता.

"कृष्णात, नवीन टाकी पाडायची आहे. दहा फूट. गल्लीत जेसीबी शिरत नाय, हातानंच खणायला लागेल. पाहुणे येणार आणि अंगणात हा वास, माझी पार इज्जत जाईल यार. तुझे बाबा विहिरी खणायचे ना?"

कृष्णात म्हणजे माझा नवरा. मी मालक म्हणते. आम्ही दोघं नाक्यावर उभं राहून मिळेल ते खणायचं काम करतो, केबलचे चर म्हणा, पाइपाचे म्हणा. आणि बाबा म्हणजे माझे सासरे, बाबासो. त्यांचं तोंड कसं सांगू? बोललं तरी वाईट, गप्प बसलं तरी वाईट. पण विहिरीत त्यांचं नाव होतं, ते खोटं नाही. साऱ्या माणात त्यांनी पाडलेली विहीर कधी ढासळली नाही. इथं आल्यापासून मात्र ते उंबऱ्यात बसून खोकायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याची खोड काढायचे. त्यांना कुणी काही विचारायचं नाही. अंकुशनं विचारलं, तसे ते ताठ बसले. संध्याकाळी बघते तर दाढी करून आलेले.

काम सुरू करायच्या दिवशी मामंजींनी चपला लांब काढल्या. हळदीनं जमिनीवर फुली मारली, नारळ फोडला, गावाकडनं आणलेल्या आपल्या जुन्या पहारीवर पाणी शिंपडलं. मग माझ्याकडं वळले.

"सूनबाई, तू वरनं घमेली ओढायची. आत पाय टाकायचा न्हाई. चालू कामात बाईमाणूस उतरलं की पाणी रुसतं."

मी म्हटलं, "मामंजी, ही इहीर न्हवं, संडासाची टाकी हाय. पाणी रुसलं तर बरंच की."

मालकांना हसू आवरेना. मामंजी हसले नाहीत. ते माझा शब्द ठेवून घेतात आणि वेळ आली की परत देतात.

पहिला दिवस मोठा छान गेला. वर थोडा भराव, विटांचे तुकडे, फुटक्या फरश्या, प्लॅस्टिक. त्याच्याखाली निव्वळ वाळू. माणात मुरूम फोडताना कुदळ उलटी उसळून कपाळावर येते, इथं मालक नुसते फावड्यानं ओढत होते. चारी बाजू त्यांनी सरळ उभ्या तासल्या. ओलसर वाळू तशीच उभी राहिली. मामंजी कडेला दगडावर बसून हुकूम सोडत होते. मधेच आत उतरले आणि भिंतीवरनं तळवा फिरवला.

"बघ, कशी उबी ऱ्हायलीया! कोण म्हणतंय हितली जमीन वाईट?"

निघालेली वाळू टाकायला जागा कुठं? अंगण एवढंसं. मामंजींनी ती खड्ड्याच्या कडेलाच रचायला लावली, गावाकडं विहिरीच्या तोंडाशी रचतात तशी.

दुसऱ्या दिवशी खड्डा छातीएवढा झाला आणि वाळूचा रंग फिरला. पिवळी जाऊन करडी लागली आणि त्या करड्यात तांबूस ठिपके दिसायला लागले, कुणी तंबाखू थुंकावा तसे. मामंजी खाली उतरले. चिमूट घेऊन वास घेतला, जिभेला लावली. त्यांचं तोंड असं फुललं म्हणता!

"मुरूम! कृष्णा, हे मुरमाचं त्वांड हाय. तांबडं दिसाय लागलं की समजायचं, आता खाली कडक लागणार. लई झालं तर दोन फूट."

गावाकडं तसंच असतं, ते मलाही ठाऊक. तांबूस रंग आला की मुरूम आला, मुरूम आला की भिंतीची काळजी मिटली. पण मी घमेल्यात हात घातला तर ती पिठासारखी मऊ. मुरमाचा एक खडा हाताला लागेना.

"मामंजी, मऊच लागतंय."

"तू घमेली ओढ."

चांगुणाबाई अंगणात सुकट वाळत घालत होत्या. कमरेवर हात ठेवून त्या खड्ड्यात डोकावल्या.

"तांबरा लागला का? म्हंजे पानी तिथवर येतं, बाय. आमचे शेतान पन असाच. उधानाला पानी वर चरतं, मंग उतरतं, न् मातीला गंज धरतं. आज ओहोटी हाय म्हून सुका दिसतं." एवढं बोलून त्या परत सुकटीकडं गेल्या.

ते ठिपके आज मालकांच्या पायाशी होते, पण खड्डा खोल गेला की छातीला येणार. म्हणजे पाणी छातीपर्यंत येणार, आणि भिंतीला आधार काय, तर तीच वाळू.

जेवताना मी विषय काढला. मामंजींनी ताट पुढं सरकवलं.

"मिठागरावरची बाई मला माती शिकवणार? आरं, म्या जिभेनं वळखलेली हाय ती."

मालक मान खाली घालून भाकरी मोडत राहिले. मग बाहेर हात धुताना मला हळूच म्हणाले, "गप ऱ्हा थोडे दिस. दादांनी आज दोन भाकरी खाल्ल्या, बघितलंस न्हवं?"

मालक बापाला दादा म्हणतात. बघितलं होतं. म्हणूनच तर गप्प बसले. पण तळोज्याला पाइपाच्या एका चरात वाळू ढासळली होती, तेव्हा मी पलीकडच्या चरात काम करत होते. माणूस कमरेपर्यंतच गाडला होता. कमरेपर्यंतच! वरचं अंग मोकळं, हात मोकळे. त्यानं पाणी मागितलं, मी माझी बाटली दिली. पाणी प्यायला, मला ताई म्हणाला, गावाकडची चौकशी केली. लोक खणत होते, वाळू परत परत येऊन बसत होती. बोलता बोलता त्याचे ओठ निळे पडले आणि मान कलली. त्या बाटलीतलं उरलेलं पाणी मी कितीतरी वेळ हातात धरून होते. तेव्हापासून वाळूचा ढीग दिसला की मी त्याच्या लांबनं जाते. आता तोच ढीग माझ्या दारात होता आणि त्याच्याखाली माझा नवरा.

पुढं पाणी लागलं. अंकुशनं कुठनं तरी मोटर आणली. मोटर पाण्याबरोबर वाळूही ओकायची. गटाराच्या तोंडाशी करड्या वाळूचं वारूळ झालं, आणि खड्डा मात्र खोल जाईना. संध्याकाळी जेवढा खणावा तेवढा सकाळी खालनं भरून आलेला. ढिगाच्या बाजूच्या भिंतीला मधे पोट आलं होतं. आणि ढिगाच्या पलीकडं, अंगणाच्या कोब्यात, एक भेग पडली. मी खराट्याची एक काडी त्या भेगेत अडकवून ठेवली. सकाळी बघते तर काडी आत पडलेली.

मी मालकांना खुणेनं बोलावून दाखवली. त्यांनी इकडं तिकडं बघितलं, पायानं वाळू लोटून भेग बुजवली आणि वर टाच दाबली.

"हे काय करताय?"

"दादांनी बघितली तर जीवाला लावून घेतील."

असा संताप आला मला! बापाला भेग दिसू नये म्हणून हा माणूस त्याच भेगेखाली जाऊन उभा राहणार. पण तोवर मामंजी चहा पिऊन दगडावर येऊन बसले होते, आणि पहारीचं टोक दगडावर घासत पुटपुटत होते, "आज लागतोय मुरूम. आज लागलाच."

ती अमावस्या होती. आमच्याकडं अमावस्येला कुणी जमिनीत कुदळ घालत नाही, बैलसुद्धा जुंपत नाहीत. मला तेवढाच धागा सापडला.

"मामंजी, आज अमुशा हाय. आज कुदळ नगं."

ते जरा थांबले. थांबले हे मी नक्की बघितलं. तेवढ्यात अंकुश मोबाइल खिशात टाकत आला.

"काका, दुपारी सिमेंटच्या रिंगा घेऊन गाडी येतेय. आज तळ साफ पाहिजे. दोन तासांचं काम आहे, टेन्शन नका घेऊ."

मामंजी माझ्याकडं बघून म्हणाले, "टाकीला कसली अमुशा? ही इहीर न्हवं म्हणून तूच म्हणालीस न्हवं?"

माझाच शब्द. मी घमेलं उचललं.

मालक उतरले. आता खड्डा त्यांच्या डोक्याच्या वर गेला होता, मला वरनं नुसती त्यांची टोपी आणि खांदे दिसत होते. मोटर धडधडत होती. मी घमेलं ओढायची, ओतायची, परत सोडायची. ऊन डोक्यावर आलं. चांगुणाबाई ओट्यावर बसल्या होत्या, पण आज हातात काही काम नव्हतं. त्या नुसत्या खड्ड्याकडं बघत होत्या.

"भरती लागली," त्या म्हणाल्या.

मी वाकून बघितलं. ज्या उंचीवर ते तांबूस ठिपके होते तिथं भिंतीला घाम फुटला होता. आधी थेंब, मग बारीक धारा. धारेबरोबर वाळूचे कण सुटत होते आणि सुटतील तिथं बोटाएवढी बिळं पडत होती. तळाशी पिठलं रटरटावं तसे बुडबुडे. मालकांनी पाय उचलला, तर तो घोट्यापासून चिकटलेला, 'पचाक' करून निघाला. टाकला, तर आणखी खोल गेला.

"मालक, वर या."

"आजून चार घमेली," मामंजी म्हणाले.

मालकांनी माझ्याकडं बघितलं, बापाकडं बघितलं, आणि खाली वाकून फावडं घातलं.

मला ती बाटली आठवली. काय करते आहे याचा विचार मी केला नाही, केला असता तर केलंच नसतं. घमेलं टाकलं, नऊवारीचा काष्टा खोचला आणि शिडीवर पाय दिला.

"ए! सूनबाई! आत न्हाई जायाचं!"

मी खाली उतरले. गुडघाभर गार पाणी. वर तोंड करून सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "मामंजी, मला कावळा शिवलाय! सकाळधरनं!"

मोटरीचा आवाज तेवढा राहिला. खोल्यांच्या दारांतनं बायकांची डोकी बाहेर आली. अंकुशनं मान फिरवली. बाईची जी गोष्ट बाईलासुद्धा कानात सांगायची, ती मी परक्या गड्यासमोर बोंबलून सांगितली होती. आणि ती खोटी होती. मालकांना ते माहीत होतं. एका खोलीत राहतो आम्ही, त्यांना माहीत नसायला काय झालं?

"प्रेमा, आगं, खोटं कशापायी..."

"कृष्णात, वर चढ," मी दातांतनं म्हटलं.

लग्नापासून त्यांचं नाव मी कधी तोंडानं घेतलं नव्हतं. ते माझ्याकडं बघतच राहिले. मग फावडं तिथंच सोडून शिडी चढले. मी मागनं चढले.

वर येताच मामंजींनी रिकामं घमेलं माझ्या पायाशी आपटलं.

"जन्मभराचं काम बाटवलंस! सटवे, घरात कोपऱ्यात जाऊन बस. तोंड दावू नगंस."

"काका, आता कोण हे मानतं?" अंकुश म्हणाला.

"माझ्या कामात म्या मानतो. शुद्द केल्याबिगर कुदळ लागणार न्हाई."

मी भिंतीला टेकून उभी होते. अपमान झाला, चालेल. बायका महिनाभर बोलतील, चालेल. माणूस वर आला, मला एवढंच पाहिजे होतं. पण म्हाताऱ्याचा हिशोब माझ्या ध्यानातच आला नव्हता. मामंजींनी खोलीतनं गोमूत्राची बाटली आणि हळदीची पुडी आणली, आणि स्वतःच शिडीला हात घातला.

"दादा, म्या जातो," मालक पुढं झाले.

"तू शिवलायस तिला. लांब हो."

मला ओरडायचं होतं की खोटं आहे, सगळं खोटं आहे, मला काही झालेलं नाही. तोवर त्यांचं पांढरं डोकं खाली गेलेलं.

त्यांनी चारी कोपऱ्यांत हळद टाकली, गोमूत्र शिंपडलं. आणि भिंतीपाशी थांबले. नाक जवळ नेऊन ते तांबूस ठिपके बघितले. त्यावर तळवा ठेवला, पहिल्या दिवशी फिरवला होता तसा. बोटं पेरापर्यंत आत गेली. हात काढला तर त्या भोकातनं पाणी वाहायला लागलं. बराच वेळ ते त्या पाण्याकडं बघत राहिले. मग एक पाय उचलायला गेले, तो उचलला नाही. दुसरा उचलायला गेले, तो आणखी रुतला.

"कृष्णा," ते म्हणाले. इतक्या हळू मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "कडंला येऊ नगंस. मागं सर. कायबी हलवू नगंस."

मालक उडीच टाकणार होते. मी मागनं त्यांचा सदरा दोन्ही हातांनी धरला, तो खांद्यावर टरकन फाटला तरी सोडला नाही.

"दरवाजा कारा!" चांगुणाबाई ओट्यावरनं ओरडत आल्या. "अंकुश, संडासाचा दरवाजा कारून आन! आरवा टाक, तिकरं, ढीग नाय तिकरं! मोटर बंद करा!"

अंकुशनं लाथा घालून बिजागऱ्या उचकटल्या. दार ढिगाच्या समोरच्या बाजूला जमिनीवर आडवं पडलं.

खालनं मामंजींचा आवाज आला, "सूनबाईला पाठवा. हलकी हाय ती."

मी दारावर पोटावर पालथी पडून पुढं सरकले. छाती त्या फळीवर अशी आपटत होती की तिच्याच हादऱ्यानं वाळू सुटेल असं वाटलं. दोर सोडला. त्यांनी काखेखालनं घेतला. मांडीपर्यंत गेले होते. त्यांचे ओठ कसे आहेत, मी तेवढंच बघत होते.

"दोर एकदम ओरू नका, बावा!" चांगुणाबाई मागनं सांगत होत्या. "पाय हलव म्हना त्याला. बारीक बारीक. पानी आत शिरू दे, मंग सुटंल."

"मामंजी, पाय हलवा. बारीक."

"हलवतोय, पोरी."

समोरच्या भिंतीचं पोट सुटलं आणि एक ढपला त्यांच्या कमरेवर येऊन बसला. त्यांच्या तोंडातनं 'अगं आई' निघालं. मी हात खाली सोडला आणि त्यांनी माझं मनगट धरलं. बाटलेल्या सुनेचं मनगट. मागं मालक आणि अंकुश दोर ताणून धरत होते, चांगुणाबाई त्यांना 'आता' म्हणायच्या, 'थांब' म्हणायच्या. बोट बोट करत म्हातारा वर आला. कंबर सुटली, गुडघे सुटले आणि धोतर वाळूनं ठेवून घेतलं. साऱ्या अंगणासमोर ते लंगोटीवर दारावर पडले, करड्या चिखलानं माखलेले, हाडं तेवढी दिसणारी. मी पदर सोडून त्यांच्यावर टाकला.

आम्ही त्यांना ओट्यापाशी ओढलं आणि मागं भिंत गेली. मोठा आवाज असा झालाच नाही. हुस्स केलं नुसतं, आणि ढीग, कोबा, मोटर, शिडी, ती जुनी पहार, सगळं आत सरकलं. खड्डा होता तिथं करडं पाणी हलत होतं आणि त्यावर तांबूस तवंग आला होता. रिंगांची गाडी गल्लीच्या तोंडाशी हॉर्न देत उभी होती. ती थांबवायला कुणी गेलं नाही.

खोटं बोलले होते, तर ते निभावणं आलं. मी खोलीच्या कोपऱ्यात वेगळं अंथरूण टाकलं, वेगळा पेला घेतला. मामंजी दुसऱ्या भिंतीशी पडून होते. रात्रभर खोकलासुद्धा दाबून खोकत होते.

सकाळी मालक अंकुशबरोबर अंगणात भराव टाकायला गेले. मी डोळे मिटून पडले होते. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. बघते तर मामंजी चहा करताहेत. उभ्या जन्मात त्यांनी चूल पेटवलेली मी बघितली नव्हती. पेला घेऊन ते कोपऱ्यात आले. तो लांब ठेवून सरकवतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी तो माझ्या हातात दिला. बोटाला बोट लागलं.

"किती दिस बसतीस?"

"पाच."

"बस. तेवढाच आराम."

त्यांना कळलं होतं. कधी कळलं, खड्ड्यात की रात्री, हे मी अजूनही विचारलेलं नाही.

ते तिथंच, माझ्या अंथरुणाशी खाली बसले. बाहेर वाळूत फावडं घुसल्याचा आवाज येत होता. त्यांनी फरशीवर तळवा टेकला आणि तसाच ठेवला.

"सूनबाई, हितं आपल्या खाली काय असंल गं?"

जमिनीखाली काय आहे, हे त्या माणसानं आजवर कुणाला विचारलं नव्हतं. लोक त्यांना विचारायला यायचे. मला खोटं बोलता आलं असतं, कालच बोलले होते.

"तीच वाळू, मामंजी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. चहा माझ्या हातात गार होत गेला, आणि त्यांनी फरशीवरचा हात काही उचलला नाही.